पेलाभर पाण्याचा इतिहास

धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे जुन्या नोंदवह्या बाहेर निघतात. बाप्तिस्मे किती झाले, विवाह किती लागले, कोणकोणते धर्मगुरू येऊन गेले, घंटा कोणी दिली, वेदी केव्हा बांधली, हे सर्व त्यांत सापडते. आणि ते सापडावे हे योग्यच आहे. परंतु ख्रिस्ती जीवनाचा एक मोठा भाग असा आहे की, त्यासाठी आजवर कोणी वही घातलेली नाही. तापाने फणफणलेल्या शेजाऱ्याच्या उशाशी कोणी रात्र काढली, परगावच्या वाटसरूस कोणी ओसरीवर जागा दिली, रुसलेल्या सासूसुनांत कोणी दोन गोड शब्दांनी समेट घडविला, ह्याचा हिशेब केवळ परमेश्वराजवळ असतो. प्रभू येशूने तर पेलाभर थंड पाण्याचेही प्रतिफळ बुडणार नाही असे आश्वासन दिले आहे. ज्या पेल्याची नोंद स्वर्गात आहे, त्याचा माग इतिहासात काढून पाहण्यास हरकत नसावी. प्रस्तुत लेखात तोच अल्प प्रयत्न केला आहे.

पाण्याविषयी लिहावयाचे तर शिरोळसारखे दुसरे स्थळ शोधावयास नको. नृसिंहवाडीस कृष्णा व पंचगंगा ह्यांचा संगम आहे. खिद्रापुरास कृष्णेच्या काठी कोपेश्वराचे प्राचीन मंदिर उभे आहे. नद्यांच्या गाळाने पोसलेल्या काळ्या जमिनीत ऊस डोलतो. येथे पाण्याचे दुर्भिक्ष नाही. तथापि आपल्या देशात पाण्याचा प्रश्न केवळ विपुलतेचा कधीच नव्हता. नदी सर्वांची असली तरी घाट सर्वांचा नव्हता. विहीर तुडुंब भरली असली तरी तिच्यात पोहरा सोडण्याचा अधिकार प्रत्येकास नव्हता. महाडच्या चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी प्राशन करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना इ. स. १९२७ मध्ये सत्याग्रह करावा लागला, ही गोष्ट अद्याप शंभर वर्षांचीही जुनी झालेली नाही.

ह्यात एक मर्म आहे, ते वाचकांनी लक्षात घ्यावे. तहानेल्यास पाणी पाजणे हे पुण्यकर्म आहे, हे आपल्या लोकांस कोणी शिकवावयास नको होते. उन्हाळ्यात पाणपोया घालण्याची चाल येथे फार जुनी आहे. ज्यास शिवावयाचे नाही अशा मनुष्यासही पाणी मिळत असे; मात्र ते वरून ओतले जाई आणि त्याने खाली बसून ओंजळीत झेलावयाचे असे. म्हणजे देणाऱ्याच्या हातून दान घडे, तहान भागे, आणि तरीही दोघांमधील अंतर तसूभर कमी होत नसे. उलट त्याच मनुष्याच्या हातचे पाणी आपण घेणे, ही गोष्ट मात्र अशक्यप्राय होती. देणे अवमानासह घडू शकते. घेणे अवमानासह घडू शकत नाही. दयेच्या लहानशा कृत्याची खरी कसोटी, अनेकदा, आपण काय दिले ह्यापेक्षा आपण कोणाच्या हातून काय घेतले ह्यात असते.

शुभवर्तमानाकडे ह्या दृष्टीने पाहिले असता पुष्कळ गोष्टी नव्याने उमगतात. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला. कोणी मेले नव्हते, कोणी आजारी नव्हते. केवळ यजमानाची भर पंगतीत लाज जाण्याची वेळ आली होती. ती वेळ देवमातेच्या ध्यानात आली, आणि प्रभूचा पहिला चमत्कार एका गृहस्थाची लाज राखण्यासाठी घडला. त्यासाठी जे पाणी उपयोगास आले, ते शुद्धीकरणाच्या सहा दगडी रांजणांतील होते. आपल्या भाषेत सांगावयाचे तर ते सोवळ्याचे पाणी होय. जे पाणी माणसामाणसांत भेद राखण्याच्या कामी येत होते, त्याचा आनंद होऊन ते सर्व पंगतीत वाढले गेले. पुढे याकोबाच्या विहिरीवर तर प्रभू स्वतः तहानेला बसला, आणि ज्यांच्या भांड्याला यहुदी लोक तोंड लावीत नसत, अशा शोमरोनी जातीच्या स्त्रीजवळ त्याने पाणी मागितले. तो तिला जीवनाचे पाणी देणार होता. परंतु संभाषणाचा आरंभ त्याने देण्याने केला नाही, मागण्याने केला. त्या मागण्यानेच ती स्त्री चकित झाली, आणि तेथेच तिच्या आनंदास आरंभ झाला.

आद्य ख्रिस्तसभेने हा धडा घरोघर गिरविला. चौथ्या शतकात रोमचा बादशहा जुलियन ह्याने ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवतांची उपासना पुन्हा चालू करण्याचा उद्योग आरंभिला. त्याने इ. स. ३६२ च्या सुमारास आपल्या एका पुरोहितास पत्र लिहिले. त्यात त्याची तक्रार अशी की, हे ख्रिस्ती लोक आपल्या गरिबांचेच नव्हे तर आमच्याही गरिबांचे पोषण करतात, परक्यांचा पाहुणचार करतात, मेलेल्यांना मूठमाती देतात. तेव्हा आपणही तसे केले पाहिजे. शत्रूने दिलेली ही साक्ष आहे. त्याला ख्रिस्ती लोकांच्या वादविवादाचे भय वाटले नाही. त्यांच्या भाकरीचे वाटले.

आता आपल्या मराठी मुलुखाकडे वळू. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघीय इ. स. १५७९ मध्ये गोव्यास पोहोचला आणि इ. स. १६१९ मध्ये तेथेच निवर्तला. तो काळ सौम्य नव्हता. पोर्तुगीज राज्यसत्तेने साष्टी प्रांतातील देवळे पाडली होती, लोकांची मने दुखावलेली होती, आणि इ. स. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे रक्तपातही झाला. अशा प्रदेशात ह्या मनुष्याने चाळीस वर्षे काढली. त्याने लोकांस पुष्कळ दिले असे आपण नेहमी म्हणतो. परंतु आधी त्याने लोकांपासून घेतले, हे विसरता कामा नये. त्याने त्यांची भाषा घेतली, त्यांचा ओवीछंद घेतला, त्यांच्या पुराणांची सांगण्याची धाटणी घेतली. आणि मग सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ त्यांच्या हाती ठेवले. ते इ. स. १६१६ मध्ये छापले गेले. परक्या मनुष्याने आपल्या बोलीपुढे शिष्य होऊन बसावे, ह्यात त्या दुखावलेल्या मनांस केवढा दिलासा मिळाला असेल! ह्याच फादर स्टीफन्सची दुसरी एक गोष्ट आहे. इ. स. १५८३ च्या अखेरीस काही इंग्रज व्यापारी गोव्यात तुरुंगात पडले. ते प्रॉटेस्टंट देशाचे, हेर असल्याचा त्यांच्यावर संशय. त्यांना जामिनावर सोडविण्यासाठी फादर स्टीफन्सने खटपट केली. संकटात सापडलेला मनुष्य कोणत्या पंथाचा, हे त्याने आधी पाहिले नाही.

तीनशे वर्षांनी, इ. स. १८९३ मध्ये, नारायण वामन टिळक आगगाडीने राजनांदगावास चालले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होता. त्या काळी गोरा मनुष्य डब्यात असला म्हणजे हिंदी प्रवाशाच्या वाट्यास काय येई, हे सर्वश्रुत होते. ह्या गृहस्थाने मात्र अदबीने जागा दिली, प्रेमाने गोष्टी केल्या, काव्याविषयी व धर्माविषयी संभाषण केले, आणि निरोप घेताना नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती दिली. टिळकांनी ते पुस्तक वाचण्याचे कबूल केले. आणि वाचता वाचता डोंगरावरील प्रवचनापाशी त्यांचे मन जडले ते जडलेच. इ. स. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मराठी ख्रिस्ती मंडळी आज ज्यांची भजने गातात त्या कवीच्या आयुष्यास वळण देणारी ही घटना मोजली तर केवढी? बाकावर सरकून दिलेली हातभर जागा. त्या प्रवाशाचे नाव भजने गाणाऱ्या बहुतेकांस ठाऊक नाही, आणि त्याची उणीवही कोणास भासत नाही.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांचा मार्ग अधिक खडतर होता, आणि तो पाण्यावरूनच गेला. पतीच्या धर्मांतरानंतर कित्येक वर्षे त्या दूर राहिल्या. पुढे एकत्र आल्या तरी सोवळे सुटले नव्हते. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. मग, त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ ह्या आपल्या आत्मचरित्रात सांगितल्याप्रमाणे, जातिभेद देवाने केला की माणसाने, हा विचार त्यांच्या मनात एकदा शिरला. आणि तो पटताच त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. इ. स. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु ज्या दिवशी त्यांनी परक्याच्या हातचे पाणी घेतले, त्या दिवशीच एक उंबरठा ओलांडला गेला होता, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

हा आनंद ख्रिस्ती लोकांचाच मक्ता आहे असे मात्र कोणी समजू नये. आपल्या कोल्हापुरातच ह्याचे अत्यंत सुंदर उदाहरण घडले. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचा एक सेवक होता. वरिष्ठ जातीच्या नोकरांसाठी राखलेल्या पाण्याच्या हौदास शिवल्याबद्दल त्याला मार बसला. महाराजांनी मारणाऱ्यांस शासन तर केलेच. शिवाय गंगारामास स्वतंत्र धंदा करण्यास उत्तेजन दिले, आणि त्याने शहरात चहाचे दुकान घातले. दुकान निघाले, परंतु त्याच्या हातचा चहा पिणार कोण? तेव्हा महाराज आपली गाडी त्या दुकानापुढे थांबवून चहा मागवू लागले. स्वतः प्याले आणि बरोबरच्या प्रतिष्ठित मंडळींसही पाजला. छत्रपतींना काही त्या कपभर चहाची तहान नव्हती. गंगारामास भांडवल देऊन जे साधले नसते, ते त्याच्या हातून कप घेतल्याने साधले. महाराज इ. स. १९२२ मध्ये निवर्तले. त्यानंतर त्यांचे पहिले स्मारक उभारण्यासाठी जो झटला, तो हाच गंगाराम कांबळे होय. जे शोमरोनी स्त्रीला विहिरीवर मिळाले, त्याच जातीचा हा सन्मान होता. आणि तो देणारा राजा ख्रिस्ती नव्हता, ही गोष्ट आपण ख्रिस्ती लोकांनी नम्रपणे मनात ठेवावी.

नम्रतेस आणखीही कारण आहे. इ. स. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळांत मिशनांनी पुष्कळांचे प्राण वाचविले, अनाथ मुले सांभाळली. तथापि “हे भाकरीसाठी ख्रिस्ती झाले” असा टोमणाही त्याच काळापासून आपल्या लोकांस ऐकावा लागला. तो अन्यायाचा होता खरा. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न टाळण्यासारखा नाही. जेथे देणारा सदैव एकच आणि घेणाराही सदैव एकच, तेथे घेणाऱ्याची मान हळूहळू खाली जाते, आणि देणाऱ्यास त्या खाली गेलेल्या मानेची सवय लागते. ज्या दयेच्या पोटात मोबदल्याची अपेक्षा आहे, मग तो मोबदला धर्मांतराचा असो की केवळ कृतज्ञतेचा, ती दया नव्हे, व्यवहार होय. आणि आपल्या घरातही सर्व काही निर्मळ नव्हते. गोव्याच्या जुन्या चर्चांतील धार्मिक मंडळांत जातीचे उंबरठे पुष्कळ काळ तसेच उभे होते. एका वेदीवरून प्रसाद घ्यावा आणि एका घागरीतून पाणी पिऊ नये, हे दृश्य आपल्या इतिहासात आहे; ते झाकून महोत्सव साजरा करणे बरे नव्हे.

ह्या कलंकाच्या जोडीला शिरोळच्या उशालाच घडलेली एक उजळ गोष्टही आहे. कोल्हापूर-मिरज आगगाडी इ. स. १८९१ मध्ये सुरू झाली. आज ज्यास जयसिंगपूर म्हणतात त्या स्थानकाचे नाव पूर्वी ‘शिरोळ रोड’ असे होते. तेथून थोड्याच अंतरावरील मिरजेस, इ. स. १८८९ मध्ये हिंदुस्थानात आलेले प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर विल्यम वानलेस ह्यांनी इ. स. १८९४ मध्ये रुग्णालय उघडले. आपल्या पंथाबाहेरील बांधवांच्या ठायी दिसणाऱ्या ख्रिस्ताच्या देणग्या आनंदाने मान्य कराव्यात असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वसभेने इ. स. १९६४ मध्ये शिकविले आहे. तेव्हा कॅथलिक स्मरणिकेत त्यांचे नाव गौरवाने घेण्यास संकोच नको. मिरजेच्या दवाखान्याचे नाव ह्या पंचक्रोशीत घराघरांत गेले. पातळ औषध म्हणजे शेवटी परक्याच्या हातचे पाणीच; म्हणून ते घेण्यास कचरणारी माणसे त्या काळी थोडी नव्हती. परंतु रोगाने जर्जर झालेला मनुष्य एकदा त्या दवाखान्यात निजला की, शेजारच्या खाटेवर कोण आहे आणि चमच्याने औषध पाजणारा हात कोणाचा आहे, हे विचारण्याचे त्याचे त्राण उरत नसे. शस्त्रक्रियेने व्याधी बरी झाली. चमच्याने त्याहून जुनी एक व्याधी थोडी थोडी बरी होत गेली.

ज्या वर्षी डॉ. वानलेस इकडे आले, त्याच वर्षी, म्हणजे इ. स. १८८९ मध्ये, प्रशांत महासागरातील मोलोकाई बेटावर फादर दामियन ह्यांनी देह ठेवला. कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी ते तेथे इ. स. १८७३ मध्ये गेले होते. त्यांनी घरे बांधली, शवपेट्या केल्या, जखमा बांधल्या. परंतु रोग्यांस त्यांची खरी ओळख पटली ती जेवताना. तेथील लोक कंदाची लापशी एकाच भांड्यात बोटे बुडवून खातात. दामियन त्यांच्यांत बसले आणि त्यांनी त्याच भांड्यात बोटे बुडविली. पुढे त्यांनाही तो रोग जडला. ख्रिस्तसभेने इ. स. २००९ मध्ये त्यांना संतपद दिले.

कोणी म्हणेल, असे धैर्य संतांनी करावे. आम्हां संसारी माणसांचे ते काम नव्हे. त्यास उत्तर बाळ येशूच्या संत तेरेजाने देऊन ठेविले आहे. ती इ. स. १८८८ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, फ्रान्सातील लिझ्यू येथील मठात शिरली आणि इ. स. १८९७ मध्ये तेथेच वारली. मठाबाहेर तिने एकही मोठे कार्य केले नाही. त्या मठात एक वृद्ध, पंगू व स्वभावाने किरकिरी भगिनी होती. रोज सायंकाळी तिला प्रार्थनामंदिरातून भोजनगृहापर्यंत धरून न्यावे लागे. फार जलद चालविले तरी ती रागवे, हळू चालविले तरी रागवे. तेरेजाने ते काम आपण होऊन मागून घेतले. पुढे तिच्या ध्यानात आले की, त्या भगिनीस आखडलेल्या हातांनी पाव कापता येत नाही. तेव्हा तो कापून दिल्याशिवाय आणि एकदा प्रसन्न हसल्याशिवाय ती निघेनाशी झाली. त्या वृद्धेस पाव कापण्यापेक्षाही त्या हसण्याने जिंकले. मठ कधी न सोडलेल्या ह्या तरुणीस ख्रिस्तसभेने इ. स. १९२७ मध्ये मिशनकार्याची आश्रयदाती ठरविले, ह्यातच सर्व अर्थ आला.

शिरोळला हा धडा कृष्णामाईने स्वतः शिकविला आहे. इ. स. २००५, २०१९ व २०२१ ह्या वर्षांच्या महापुरांत येथील गावांना पाण्याचा वेढा पडला. इ. स. २०१९ च्या ऑगस्टात तर बागाईतदार आणि मजूर, वाड्यात राहणारे आणि झोपडीत राहणारे, एकाच नावेतून बाहेर पडले आणि शाळांच्या व मंगल कार्यालयांच्या एकाच सतरंजीवर निजले. नदीचे पाणी उंबरठ्याच्या आत आले असता पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहण्याची पाळी आली. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यास दिले होते, त्यांना त्या दिवसांत रांगेत उभे राहून परक्याच्या हातची भाकरी घ्यावी लागली. ते घेणे पुष्कळांस जड गेले असेल; परंतु त्या भाकरीची चव ज्याने घेतली, तो पुन्हा वरून पाणी ओतणार नाही अशी आशा बाळगावी. ह्याच तालुक्यात कुरुंदवाडच्या मशिदींतून गणपती बसविला जातो. पाहुणा होण्याची आणि पाहुणचार घेण्याची ही रीत येथील मातीत आहे. आपण तिचे वारस आहोत.

येथे आपण संख्येने थोडे आहोत. मोठ्या संस्था उभारणे प्रत्येकास साधेल असे नाही. आणि ते न साधल्याचे दुःख करण्याचेही कारण नाही. शेजारणीने दिलेल्या दिवाळीच्या फराळाचे ताट आनंदाने घ्यावे, आणि नाताळात ते रिकामे परत करू नये. घरी काम करणाऱ्या बाईस चहा द्यावा, तो आपल्याच कपात द्यावा. आणि तिच्या घरी गेल्यास तिने दिलेले पाणी नाकारू नये. उसाच्या हंगामात तोडणीसाठी आलेल्या कुटुंबांची मुले मिस्सेच्या वाटेवर दिसतात, त्यांची नावे विचारून ठेवावी. आजाऱ्यास भेटावयास जाताना उपदेश कमी न्यावा, वेळ अधिक न्यावा. ज्याच्याशी बोलणे तुटले आहे त्याच्याकडे काही द्यावयास जाण्यापेक्षा काही मागावयास जावे. विळा, शिडी, विरजण, काहीही चालेल. मागणारा लहान होतो, आणि म्हणूनच दार उघडते.

ह्या महोत्सवानंतर नोंदवह्या पुन्हा कपाटात जातील. पुढील पिढी त्या उघडील तेव्हा आपली नावे तिला बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या व मृत्यूच्या पानांवर सापडतील. तेवढ्यावरून आपण कसे होतो हे तिला कळणार नाही. ते शिरोळच्या शेजाऱ्यांनाच विचारावे लागेल. “त्यांच्या घरी आम्ही पाणी पीत होतो, आणि ते आमच्या घरी पीत होते” एवढी साक्ष त्यांनी दिली, तरी ह्या धर्मग्रामाचा इतिहास सफळ झाला असे समजावे. विहिरीवर तहानेला बसलेला प्रभू आपणांस ती बुद्धी देवो.